डेस्कटॉप सजवणारे सॉफ्टवेअर मूळ आयकॉन न गमावता पूर्णपणे कसे काढावे

विंडोजच्या डेस्कटॉपचे रूप पालटणारे एखादे सॉफ्टवेअर हौसेने बसवले जाते, काही दिवस वापरले जाते आणि मग संगणक मंद झाला म्हणून किंवा नव्या अपडेटनंतर ते नीट चालेनासे झाले म्हणून काढून टाकले जाते. काढल्यानंतर मात्र ‘दिस पीसी’चे चित्र परत येत नाही, पिवळ्या फोल्डरांच्या जागी कोरे पांढरे कागद दिसतात, शॉर्टकटांवर काळे चौकोन बसतात आणि मूळ आयकॉन कायमचे गेले असे समजून नवखा वापरकर्ता विंडोज नव्याने टाकायला निघतो. बहुतेक वेळा तशी गरज नसते.

मूळ आयकॉन विंडोजच्या स्वतःच्या फाइलींत असतात. सी ड्राइव्हवरील ‘विंडोज’ फोल्डरात ‘सिस्टिम३२’ नावाचा फोल्डर आहे. त्यातील ‘शेल३२’ आणि ‘इमेजरेस’ या दोन डीएलएल फाइलींच्या (अनेक प्रोग्रॅमांना सामाईक वापरता येणाऱ्या फाइलींच्या) नावावर फोल्डर, ड्राइव्ह, रिसायकल बिन वगैरेंची बहुतेक चित्रे नोंदलेली असतात. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून प्रत्यक्ष चित्रे ‘सिस्टिमरिसोर्सेस’ या फोल्डरातील ‘एमयूएन’ प्रकारच्या फाइलींत गेली, पण नोंदी जुन्याच नावाने चालतात. कोणत्या वस्तूसाठी कोणत्या फाइलीतील कितवे चित्र दाखवायचे, हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सर्व सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहिलेले असते. आयकॉन बदलणारे सॉफ्टवेअर सहसा मूळ चित्राला हात लावत नाही; ते रजिस्ट्रीतला पत्ता बदलून स्वतःच्या फोल्डरातील चित्राकडे वळवते. सॉफ्टवेअर काढले की तो फोल्डर जातो, पत्ता तसाच राहतो, आणि त्या पत्त्यावर काही न सापडल्याने विंडोज कोरा कागद दाखवते.

म्हणून या कामात खरे महत्त्व आहे ते क्रमाला. सॉफ्टवेअर जागेवर असतानाच सर्व पत्ते मूळ ठिकाणी न्यावेत आणि त्यानंतरच ते काढावे. उलट क्रमाने गेल्यास काम अशक्य होत नाही, पण जे चार क्लिकमध्ये झाले असते त्यासाठी एकेक पत्ता शोधत बसावे लागते.

पुढील सूचना विंडोज १० आणि ११ यांना धरून आहेत. मेनूंची नावे इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशी, पण देवनागरीत दिली आहेत. आज्ञा टंकताना मात्र त्यांचे इंग्रजी स्पेलिंगच वापरावे लागेल. कळफलक मराठीवर असेल तर विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून तो आधी इंग्रजीवर आणावा.

आपल्याकडे नेमके काय बसवलेले आहे?

सजावटीची सगळी सॉफ्टवेअर एका जातीची नसतात आणि कोणते किती खोल शिरले आहे यावर पुढची मेहनत ठरते.

रेनमीटर, रॉकेटडॉकसारखे डॉक, हलते वॉलपेपर दाखवणारी ॲप आणि टास्कबार पारदर्शक करणारी छोटी साधने मुख्यतः डेस्कटॉपच्या वर किंवा मागे आपले चित्र काढतात. ती बंद केली की त्यांचे रूपही नाहीसे होते आणि आयकॉनांना सहसा धक्का लागत नाही. यांतील जी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली असतात, ती तर जवळजवळ काहीच मागे न ठेवता निघून जातात.

फेन्सेससारखे सॉफ्टवेअर आयकॉनांचे गट पाडून त्यांना चौकटींत बसवते. त्या चौकटींतल्या फाइली प्रत्यक्षात डेस्कटॉपच्या फोल्डरातच असतात, त्यामुळे सॉफ्टवेअर काढल्यावर मांडणी मोडते, फाइली जात नाहीत. याच सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या दुसऱ्या फोल्डरातला मजकूर डेस्कटॉपवर दाखवणाऱ्या चौकटीही करता येतात. त्यांतल्या फाइली डेस्कटॉपवर कधीच नव्हत्या, म्हणून काढल्यानंतर त्या तेथे शोधू नयेत. त्या आपापल्या फोल्डरात सुखरूप असतात.

आयकॉनपॅकेजरसारखे सॉफ्टवेअर तिसऱ्या जातीचे. ते फोल्डर, ड्राइव्ह, रिसायकल बिन आणि फाइलींचे प्रकार यांचे पत्ते एकाच वेळी बदलते आणि वर सांगितलेला क्रम मुख्यतः याच्यासाठी आहे. चौथी जात सर्वांत त्रासदायक: विंडोजचे रूपच पालटून टाकणारे ‘स्किन पॅक’ आणि अनधिकृत थीम चालवण्यासाठी प्रणालीच्या फाइलींत फेरफार करणारे पॅच. यांतील काही थेट ‘इमेजरेस’ वगैरे फाइलीच बदलतात. येथे नुसता पत्ता बदललेला नसतो, चित्रही बदललेले असते.

सॉफ्टवेअरचे नाव आठवत नसेल तर विंडोज आणि आर या कळा दाबून ‘ॲपविझ.सीपीएल’ (appwiz.cpl) ही आज्ञा द्यावी. उघडलेल्या यादीत ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या शीर्षकावर क्लिक केल्यास प्रोग्रॅम तारखेच्या क्रमाने लागतात आणि डेस्कटॉप बदलला त्या सुमाराची नावे चटकन डोळ्यांत भरतात. जुना संगणक विकत घेतला असेल तर आधीच्या मालकाने एकावर एक अशी दोन-तीन साधने बसवलेली असण्याची शक्यता गृहीत धरावी. अशा वेळी शेवटी बसवलेले आधी काढावे, कारण त्याने ‘मूळ’ म्हणून जे जपून ठेवले असेल ते कदाचित त्याआधीच्या साधनाचे रूप असेल.

हात घालण्यापूर्वी

स्टार्ट मेनूत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असे शोधून उघडणाऱ्या खिडकीत सी ड्राइव्हसमोर ‘ऑन’ आहे का ते पाहावे. पुष्कळ संगणकांवर हे संरक्षण बंद असते. ते ‘कॉन्फिगर’ बटणातून सुरू करावे आणि मग ‘क्रिएट’ दाबून परतीचा बिंदू करून ठेवावा. हा बिंदू रजिस्ट्री व प्रणालीच्या फाइली मागे नेतो, आपल्या कागदपत्रांना हात लावत नाही. तो वैयक्तिक फाइलींचा बॅकअप मात्र नव्हे.

त्यानंतर विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबून डेस्कटॉपचे चित्र टिपावे. ते ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरात साठते. कोणता आयकॉन कोठे होता हे नंतर आठवत नाही. डेस्कटॉपवरील फाइलींची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की डेस्कटॉपवर आपल्याला जे दिसते ते दोन फोल्डरांचे एकत्रित चित्र असते: एक आपल्या खात्याचा डेस्कटॉप आणि दुसरा ‘यूजर्स’मधील ‘पब्लिक’ खात्याचा, ज्यात सर्वांसाठीचे शॉर्टकट असतात. वनड्राइव्हचा बॅकअप सुरू असेल तर पहिला फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो. एखादा शॉर्टकट एका फोल्डरात सापडला नाही म्हणून तो गेला असे ठरवण्यापूर्वी उरलेल्या जागा पाहाव्यात.

सॉफ्टवेअर विकत घेतलेले असेल आणि पुढे दुसऱ्या संगणकावर वापरायचे असेल, तर त्याचा परवाना या संगणकावरून मोकळा करण्याचा पर्याय त्याच्या सेटिंग्जमध्ये आहे का तेही आत्ताच पाहून घ्यावे. कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसतील तर पुढचे बरेचसे काम होणार नाही; तेथे संबंधित व्यक्तीलाच बोलवावे.

सॉफ्टवेअर जागेवर असतानाच मूळ रूप परत आणणे

प्रथम त्या सॉफ्टवेअरलाच विचारावे. आयकॉन बदलणाऱ्या बहुतेक साधनांत विंडोजचे मूळ आयकॉन लावण्याची सोय असते. कोठे ते संचांच्या यादीत एक वेगळा संच म्हणून दिसते, कोठे ‘रिस्टोअर’ किंवा ‘डिफॉल्ट’ या नावाचे बटण असते. ते लावून संगणक रिस्टार्ट करावा आणि फोल्डर पुन्हा पिवळे दिसतात का ते पाहावे. फेन्सेसमध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी दोनदा क्लिक केल्यावर सर्व आयकॉन लपतात. ते लपलेल्या अवस्थेत असतील तर आधी दिसते करून घ्यावेत. स्टार्ट मेनू किंवा टास्कबार बदलणारे साधन असेल तर त्याच्या सेटिंग्जमधून ते बंद करावे.

यानंतर विंडोजच्या बाजूने तेच काम पक्के करायचे आहे. ‘सेटिंग्ज’, मग ‘पर्सनलायझेशन’, मग ‘थीम्स’ या मार्गाने जाऊन विंडोजची स्वतःची एखादी थीम निवडावी. अनधिकृत थीम वापरात असेल तर ही पायरी कोणत्याही परिस्थितीत गाळू नये, कारण अशी थीम लागू असतानाच तिला चालवणारा पॅच काढला तर विंडोजला ती थीम उघडता येत नाही आणि पुढच्या लॉगिनला खिडक्यांचे रूप पार विस्कटलेले मिळू शकते.

त्याच ‘थीम्स’ पानावर खाली ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ असा दुवा असतो. त्यावर क्लिक केल्यावर एक छोटी, जुन्या वळणाची खिडकी उघडते. वरच्या भागात कोणते आयकॉन डेस्कटॉपवर दाखवायचे त्यांच्या खुणा असतात आणि खालच्या चौकटीत त्यांची चित्रे. येथे प्रत्येक चित्र वेगवेगळे निवडून ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ दाबावे लागते. एक निवडून बटण दाबले की सगळी परत येतात, असे नाही. रिसायकल बिनची येथे दोन चित्रे असतात, एक भरलेल्या पेटीचे आणि एक रिकाम्या, आणि पुष्कळजण त्यांतले एकच दुरुस्त करतात. मग कचरा टाकला तरी पेटी रिकामी दिसते किंवा रिकामी केली तरी भरलेली. दोन्ही परत आणून ‘अप्लाय’ दाबावे, एखादी निरुपयोगी फाइल डिलीट करून पेटीचे चित्र बदलते का ते पाहावे आणि गरज पडल्यास एफ५ ही कळ दाबावी. खिडकीच्या तळाशी थीमना आयकॉन बदलण्याची परवानगी देणारी खूण असते. ती काढून ठेवल्यास पुढे एखादी थीम पुन्हा हा घोळ घालणार नाही.

माऊसचा बाणही बदललेला असेल तर ‘मेन.सीपीएल’ (main.cpl) ही आज्ञा देऊन ‘पॉइंटर्स’ या भागात ‘विंडोज डिफॉल्ट’ ही योजना निवडावी. आवाज बदलले असतील तर ‘एमएमएसवायएस.सीपीएल’मध्ये (mmsys.cpl) ‘साउंड्स’ या भागात तशीच सोय आहे.

आता एकेकट्या फोल्डरांकडे वळावे. ज्या फोल्डरांना हाताने वेगळे चित्र दिले होते, त्यांची नोंद रजिस्ट्रीत नसून त्या फोल्डरातच, ‘डेस्कटॉप.आयएनआय’ नावाच्या लपलेल्या फाइलीत असते. त्यामुळे सॉफ्टवेअरने सर्वसाधारण फोल्डरांचे चित्र परत आणले तरी हे फोल्डर तसेच राहतात. अशा फोल्डरावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘कस्टमाइझ’, ‘चेंज आयकॉन’ असे जावे आणि ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ दाबावे. ‘डेस्कटॉप.आयएनआय’ फाइली शोधून सरसकट डिलीट करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो, तो पाळू नये. ‘डाउनलोड्स’, ‘डॉक्युमेंट्स’ यांसारख्या विंडोजच्या खास फोल्डरांची स्वतःची चित्रेही याच फाइलींत नोंदलेली असतात. त्या उडवल्या की जे वाचवायला निघालो तेच जाते. लपलेल्या फाइली दिसत्या केल्यावर डेस्कटॉपवर या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात, त्यालाही घाबरू नये. दोन फोल्डर एकत्र दिसत असल्याचाच तो परिणाम आहे.

प्रत्यक्ष काढणे

सॉफ्टवेअर आधी पूर्ण बंद करावे. घड्याळाजवळच्या छोट्या आयकॉनवर उजवे क्लिक करून ‘एक्झिट’ निवडावे, कारण खिडकी बंद केली तरी त्याचा पाया चालूच असतो. मग विंडोज ११मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ आणि विंडोज १०मध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’ येथून ते अनइन्स्टॉल करावे. वॉलपेपर इंजिनसारखे जे सॉफ्टवेअर स्टीममधून आलेले असते ते स्टीममधूनच काढावे. काढताना वैयक्तिक सेटिंग्ज ठेवायच्या की घालवायच्या, असा प्रश्न आल्यास घालवण्याचा पर्याय निवडावा, अर्थात ती पुन्हा लागणार नसतील तर.

काम झाल्यावर ‘रिस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे येथे पुरत नाही. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर शट डाउन करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रिस्टार्टमध्ये सर्व काही नव्याने सुरू होते आणि फाइल एक्सप्लोररला चिकटलेल्या डीएलएल फाइली सुटतात.

अनइन्स्टॉलर अर्ध्यावर अडला तर फोल्डर हाताने उडवण्याची घाई करू नये. त्याच सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती पुन्हा वरून बसवावी आणि मग नीट काढावी. हरवलेला अनइन्स्टॉलर त्यामुळे परत मिळतो आणि हा उपाय दिसतो त्यापेक्षा पुष्कळ वेळा उपयोगी पडतो. काही फाइली वापरात आहेत म्हणून अडत असेल तर शिफ्ट कळ दाबून ठेवून रिस्टार्ट करावे आणि ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालते त्या अवस्थेत, जावे. विंडोज इन्स्टॉलरची सेवा मात्र सेफ मोडमध्ये मुळात बंद असते, त्यामुळे एमएसआय प्रकारचे, म्हणजे याच सेवेमार्फत बसवलेले, सॉफ्टवेअर तेथून निघणार नाही.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा. विंडोजचे शेलच (डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्रॅम) बदलणारे साधन काढल्यावर लॉगिननंतर फक्त काळा पडदा दिसू शकतो. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ‘रन न्यू टास्क’मध्ये ‘एक्सप्लोरर’ टंकून चालवावे, म्हणजे डेस्कटॉप परत येईल. कायमच्या दुरुस्तीसाठी रजिस्ट्रीतील ‘विनलॉगऑन’ या कप्प्यात ‘शेल’ या नोंदीपुढे ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ एवढेच आहे ना, ते तपासावे.

मागे राहिलेले अवशेष

‘प्रोग्रॅम फाइल्स’, एक्स८६ जोडलेला त्याच नावाचा दुसरा फोल्डर, ‘प्रोग्रॅमडेटा’ आणि आपल्या खात्यातील ‘ॲपडेटा’चे ‘लोकल’ व ‘रोमिंग’ हे दोन भाग, एवढ्या ठिकाणी त्या सॉफ्टवेअरच्या नावाचा किंवा निर्मात्याच्या नावाचा फोल्डर उरला आहे का ते पाहावे. रेनमीटरचे उदाहरण घ्यायचे तर त्याच्या स्किन ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘रेनमीटर’ फोल्डरात आणि सेटिंग्ज ‘रोमिंग’मध्ये असतात. असे फोल्डर डिलीट करण्यापूर्वी त्याच निर्मात्याचे दुसरे एखादे सॉफ्टवेअर आपण वापरत नाही ना, याची खात्री करावी. उरलेल्या फोल्डरात आयकॉनांच्या फाइली असतील तर तो लगेच उडवू नये. त्याचे नाव बदलून ठेवावे, रिस्टार्ट करावे आणि कोठे कोरे कागद उमटतात का ते पाहावे. उमटले तर तेवढे पत्ते अजून त्या फोल्डराकडे जात आहेत असा अर्थ होतो, आणि नाव पूर्ववत करून ते एकेक दुरुस्त करता येतात.

आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींसाठी टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ आणि त्याखेरीज ‘टास्क शेड्युलर’ पाहावे. अधिक खोल पाहायचे असल्यास मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन वापरावे. ज्यांची मूळ फाइल आता अस्तित्वात नाही अशा नोंदी ते पिवळ्या रंगात दाखवते. नोंद पुसण्याऐवजी आधी तिची खूण काढावी, म्हणजे गरज पडल्यास ती परत लावता येते. रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करून देणारी जी साधने जाहिरातींतून समोर येतात, त्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे. मायक्रोसॉफ्टनेही अशा साधनांच्या वापराला पाठिंबा दिलेला नाही, आणि आपल्याला ज्या मोजक्या नोंदी दुरुस्त करायच्या आहेत त्या ती ओळखतीलच असे नाही.

त्यांतली एक नोंद मात्र हाताने तपासण्यासारखी आहे. ‘रेजएडिट’ (regedit) हे रजिस्ट्री पाहण्याचे साधन उघडून ‘एचकी लोकल मशीन’ खाली ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘करंटव्हर्जन’, ‘एक्सप्लोरर’ असे उतरत जावे आणि तेथे ‘शेल आयकॉन्स’ नावाचा कप्पा आहे का ते पाहावे. नव्या कोऱ्या विंडोजमध्ये हा कप्पा नसतो. असला तर तो कोणीतरी केलेला असतो. आत ३ आणि ४ या क्रमांकाच्या नोंदी बंद व उघड्या फोल्डरांच्या, तर २९ क्रमांकाची नोंद शॉर्टकटावरील छोट्या बाणाची असते. पुष्कळ साधने तो बाण लपवण्यासाठी २९ पुढे एका पारदर्शक चित्राचा पत्ता लिहितात. साधन गेले की ते चित्रही जाते आणि शॉर्टकटांवर ते कुप्रसिद्ध चौकोन उमटतात. कप्प्यावर उजवे क्लिक करून ‘एक्सपोर्ट’ने त्याची प्रत ठेवावी आणि मग सजावटीच्या साधनाकडे जाणाऱ्या तेवढ्या नोंदी डिलीट कराव्यात. नोंद नसली की विंडोज आपले मूळ चित्र वापरते, नवे काही लिहावे लागत नाही.

आयकॉनांचा साठा पुसणे

सर्व पत्ते दुरुस्त झाले तरी जुनीच चित्रे दिसत राहतात, याचे कारण विंडोज प्रत्येक आयकॉन दर वेळी मूळ फाइलीतून काढत नाही. वेग यावा म्हणून काढलेली चित्रे वेगवेगळ्या आकारांच्या फाइलींत साठवून ठेवते. हा साठा पुसणे पूर्ण सुरक्षित आहे, कारण तो विंडोज स्वतःच पुन्हा तयार करते.

विंडोज आणि आर दाबून ‘लोकलॲपडेटा’ हा शब्द दोन टक्केचिन्हांच्या मध्ये (%localappdata%) लिहावा आणि एंटर करावे. उघडलेल्या फोल्डरातून ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘एक्सप्लोरर’ असे आत जावे. तेथे ‘आयकॉनकॅश’ने सुरू होणाऱ्या व ‘डीबी’ने संपणाऱ्या बऱ्याच फाइली दिसतील, त्यांच्या नावांतील १६, ३२, ४८, २५६ हे आकडे चित्रांचे आकार सांगतात. फाइल एक्सप्लोरर चालू असताना त्या डिलीट होत नाहीत. म्हणून वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करून ‘सीएमडी’ (cmd) असे टंकावे, म्हणजे याच फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडतो आणि लांबलचक मार्ग लिहिण्याचा त्रास वाचतो. इतर प्रोग्रॅम बंद करावेत, टास्क मॅनेजर उघडून त्यातील ‘विंडोज एक्सप्लोरर’वर उजवे क्लिक करून ‘एंड टास्क’ निवडावे. टास्कबार आणि डेस्कटॉप नाहीसे होतील, ते अपेक्षितच आहे. आता कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डीईएल’, एक मोकळी जागा आणि मग ‘आयकॉनकॅश*.डीबी’ अशी आज्ञा (del iconcache*.db) द्यावी. नंतर टास्क मॅनेजरमधून ‘रन न्यू टास्क’ निवडून ‘एक्सप्लोरर’ चालवावे. पहिले काही क्षण आयकॉन कोरे दिसून एकेक करून भरत जातात.

तरीही कोरे कागद उरले तर

शॉर्टकटांचे चित्र हे स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या शॉर्टकटाला सजावटीच्या फोल्डरातील चित्र नेमून दिले होते, त्याचा पत्ता शॉर्टकटाच्या फाइलीतच लिहिलेला असतो आणि वरच्या कोणत्याही उपायाने तो बदलत नाही. असा शॉर्टकट डिलीट करून स्टार्ट मेनूतून नवा ओढून आणणे हेच सर्वांत सोपे. शॉर्टकट डिलीट केल्याने प्रोग्रॅम जात नाही, पण ती वस्तू खरोखर शॉर्टकट आहे, मूळ फाइल नव्हे, हे ‘प्रॉपर्टीज’मध्ये पाहून घ्यावे. टास्कबारवर लावलेले आयकॉन काढून पुन्हा लावावेत. वनड्राइव्हमुळे दुसऱ्या संगणकावरून आलेले शॉर्टकटही असेच कोरे दिसतात. त्यांचा या सॉफ्टवेअरशी काही संबंध नसतो.

पीडीएफ, छायाचित्रे, गाणी अशा फाइलींचे आयकॉन बहुधा त्या उघडणाऱ्या प्रोग्रॅमचे असतात. ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये जाऊन त्या प्रकारासाठी एकदा दुसरा प्रोग्रॅम निवडून पुन्हा आपला निवडावा. सर्व एकदम पूर्ववत करणारे बटणही तेथे असते, पण ते ब्राउझरसकट सगळ्या निवडी पुसते.

याने भागले नाही तर दुरुस्ती कोठे करायची हे ठरवण्यासाठी एक चाचणी करावी: सेटिंग्जमधून नवे स्थानिक खाते तयार करून त्यात लॉगिन करावे. तेथे आयकॉन व्यवस्थित दिसत असतील तर बिघाड फक्त आपल्या खात्याच्या रजिस्ट्रीत किंवा साठ्यात आहे आणि प्रणालीच्या फाइली ठीक आहेत. तेथेही तेच दिसत असेल तर बदल सर्व खात्यांना लागू होणाऱ्या नोंदींत किंवा खुद्द फाइलींत झालेला आहे. खात्याचे नाव देवनागरीत ठेवलेले असेल तर ही चाचणी इंग्रजी नावाच्या खात्याने करावी, कारण युनिकोड न समजणारी जुनी साधने देवनागरी नावाच्या फोल्डरापर्यंत पोहोचत नाहीत आणि त्यांचे अनइन्स्टॉलर तेथेच अडखळतात.

फाइलीच बदललेल्या असतील, म्हणजे स्किन पॅक वापरलेला असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) आणि ती पूर्ण झाल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ (sfc /scannow) अशा दोन आज्ञा द्याव्यात. पहिली विंडोजचा दुरुस्तीसाठीचा साठा ठाकठीक करते आणि त्यासाठी सहसा इंटरनेट लागते. दुसरी त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइली बदलते. मध्येच टक्केवारी बराच वेळ एका जागी थबकते, तेव्हा खिडकी बंद करू नये. आयकॉनांच्या प्रत्येक तक्रारीवर एसएफसी चालवण्याची प्रथा पडली आहे, पण ही आज्ञा प्रणालीच्या फाइली तपासते, आयकॉनांचे रजिस्ट्रीतले पत्ते नव्हे. पत्ता चुकलेला असताना ती ‘कोणताही बिघाड नाही’ असे सांगते आणि तिच्या परीने ते खरेच असते.

एवढे करूनही यश आले नाही तर आधी केलेल्या परतीच्या बिंदूकडे जावे. तेव्हा ते सॉफ्टवेअरही परत येईल, पण त्यानंतर मूळ रूप लावण्याची पायरी पुन्हा नीट करता येईल. तोही मार्ग बंद असेल तर विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ येथे विंडोज अपडेटच्या साहाय्याने तीच आवृत्ती पुन्हा बसवण्याची सोय आहे. तिने फाइली, ॲप आणि सेटिंग्ज राखून प्रणालीच्या फाइली नव्याने येतात. विंडोज १०वर हेच काम मायक्रोसॉफ्टच्या आयएसओ फाइलीतील (विंडोज बसवण्याच्या डिस्कची प्रत असलेल्या फाइलीतील) सेटअप चालवून, फाइली व ॲप ठेवण्याचा पर्याय निवडून होते. ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय त्याहून कठोर आहे: फाइली ठेवण्यास सांगितले तरी बसवलेले सगळे प्रोग्रॅम तो काढून टाकतो.

सर्व सुरळीत झाल्याची खात्री पटेपर्यंत रजिस्ट्रीची प्रत, नाव बदललेला फोल्डर आणि डेस्कटॉपची प्रत जपून ठेवावी. विंडोजचे एखादे अपडेट होऊन संगणक पुन्हा रिस्टार्ट झाल्यानंतरही आयकॉन जागेवर राहिले, की मग ती खुशाल डिलीट करावी.